पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास पदव्युत्तर पातळीवर कसा अभ्यासावा?

पदवीला दुसरा विषय घेतलेल्या आणि आता तत्त्वज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या एका विद्यार्थिनीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. पहिला ग्रीक तत्त्वज्ञ मानल्या जाणाऱ्या थेलीसपासून विसाव्या शतकापर्यंतचा सगळा इतिहास आधी एकदा वाचून काढावा का? मूळ ग्रंथ वाचावेत की त्यांच्यावरील विवेचन? आणि लघुप्रबंधाचा विषय कसा निवडावा? हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे त्यांची उत्तरे मी एकत्रच देतो.

सगळा इतिहास आधी वाचून काढू नका. एखादा विश्वसनीय सर्वेक्षणात्मक इतिहास जवळ ठेवा, कोण कोणाच्या आधीचा आणि कोण कोणाचा समकालीन हे त्यातून पक्के करून घ्या, परंतु अभ्यासाची उभारणी त्यावर करू नका. पदवीच्या परीक्षेत सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याचे मत काय होते एवढे सांगता आले तरी बहुधा भागते. पदव्युत्तर पातळीवर मात्र ते मत त्याने कोणत्या आधारांवर मांडले, ते आधार निष्कर्षाचा भार पेलतात का, आणि तो नेमक्या कोणत्या प्रश्नाला व कोणाला उत्तर देत होता, हे दाखवता आले पाहिजे. सर्वेक्षणात्मक इतिहास मते सांगतो आणि जागेअभावी युक्तिवाद गाळतो. अडीच हजार वर्षांची मते अशी लागोपाठ वाचली की तत्त्वज्ञ म्हणजे एकामागून एक येऊन आपापले म्हणणे सांगून जाणारी माणसे, आणि त्यांच्यातील निवड ही केवळ आवडीनिवडीची बाब, अशी समजूत नकळत घर करते. ती दूर व्हायला पुढे फार वेळ लागतो. म्हणून थोडेच ग्रंथ घ्या आणि ते सलग, सावकाश, हातात लेखणी धरून वाचा.

सुरुवातीसाठी मला देकार्तचे 'मेडिटेशन्स' सर्वांत योग्य वाटते, आणि त्याचे कारण त्या पुस्तकाच्या कीर्तीपेक्षा त्याच्या रचनेत आहे. १६४१ मध्ये ते पॅरिसला छापले गेले तेव्हा सहा चिंतनांच्या जोडीला आक्षेपांचे सहा संच आणि देकार्तने त्यांना दिलेली उत्तरेही त्याच ग्रंथात होती. १६४२ च्या दुसऱ्या आवृत्तीत सातव्या संचाची भर पडली. हे आक्षेप मुख्यतः मेर्सेन या विद्वान धर्मगुरूने गोळा केले होते, आणि आक्षेपकांत हॉब्ज, आर्नो व गासांदी यांच्यासारखी माणसे होती. पूर्वपक्ष आणि त्याचे निराकरण लेखकानेच एकत्र बांधून आपल्या हाती दिले आहे, असा हा दुर्मीळ योग आहे. तरीही अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांना केवळ सहा चिंतने वाचायला लावतात आणि आक्षेप वगळतात, याची मला खरोखर खंत वाटते.

आर्नोचा एक आक्षेप घेऊन पाहा. आपल्याला जे स्पष्टपणे व सुव्यक्तपणे आकळते ते सत्य असते, याची खात्री देकार्तच्या मते ईश्वराच्या अस्तित्वामुळे मिळते. पण ईश्वर आहे हेही आपल्याला तशाच स्पष्ट आकलनातून कळते, तेव्हा हे चक्र टाळायचे कसे, असे आर्नो विचारतो. देकार्तचे उत्तर असे, की एखादी गोष्ट या क्षणी स्पष्टपणे आकळत असणे वेगळे आणि ती पूर्वी तशी आकळली होती हे आठवणे वेगळे. ईश्वराची हमी दुसऱ्या स्थितीला लागते. बहुतेक विवेचने इथे थांबतात. तुम्ही मात्र हे उत्तर घेऊन तिसऱ्या चिंतनाच्या सुरुवातीच्या परिच्छेदांकडे परत जा. तिथे देकार्त म्हणतो, की अगदी साध्या गणिती सत्यांविषयीही आपली फसवणूक होत असेल, अशी शंका सर्वशक्तिमान ईश्वराच्या विचाराने मनात येते. आणि लगेच म्हणतो, की प्रत्यक्ष त्या सत्यांकडे मन वळवले की ती शंका टिकत नाही. मग संशय नेमका कशावर आहे? त्या सत्यांवर, की आपल्या आकलनशक्तीच्या भरवशावर? आर्नोला दिलेले उत्तर पुरेसे आहे की नाही, हे या परिच्छेदाचा अर्थ कसा लावता यावर अवलंबून आहे. एका आक्षेपाच्या मागे लागून मूळ संहितेतल्या एका परिच्छेदापर्यंत पोहोचणे आणि तिथे दोन अर्थांपैकी एकाच्या बाजूने कारणे देणे, हे या अभ्यासाचे खरे काम आहे, आणि ते पहिल्याच सत्रात करता येते.

याच ग्रंथाच्या पुढची पायरी म्हणून बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिची १६४३ पासूनची पत्रे वाचा. आत्मा केवळ विचार करणारे द्रव्य असेल, त्याला विस्तारच नसेल, म्हणजे तो जागाच व्यापत नसेल, तर तो शरीराला गती कशी देईल, असा तिचा प्रश्न होता. कारण गती द्यायची तर स्पर्श हवा आणि स्पर्शासाठी विस्तार हवा. देकार्तने दिलेल्या उत्तराने तिचे समाधान झाले नाही. अभौतिक वस्तूने शरीर हलवावे हे मान्य करण्यापेक्षा आत्म्याला भौतिकता आणि विस्तार आहेत हे मान्य करणे मला सोपे जाईल, असे तिने स्पष्ट कळवले. पाठ्यपुस्तकांत मन आणि शरीर यांच्या संबंधाची अडचण सांगतात ती इतक्या धारदारपणे प्रथम या पत्रांत मांडली गेली आहे. स्त्रियांचे लेखन अभ्यासक्रमाच्या शेवटी पुरवणीसारखे जोडण्याची पद्धत आहे. एलिझाबेथ, ॲन कॉनवे किंवा एमिली द्यु शातले यांचे लेखन त्या त्या वादाच्या ऐन मध्यात ठेवून वाचले तरच त्याचे वजन कळते.

आता 'वादां'विषयी, कारण विद्यार्थ्यांची सर्वाधिक दिशाभूल तिथे होते. देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ हे बुद्धिवादी, म्हणजे ज्ञानाचा पाया बुद्धीत शोधणारे, आणि लॉक, बर्कली, ह्यूम हे अनुभववादी, म्हणजे तो अनुभवात शोधणारे, आणि कांट या दोहोंचा समन्वय करणारा, हा आराखडा तुम्हाला सगळीकडे भेटेल. या सहा जणांपैकी कोणीही स्वतःला अशा दोन संघांत विभागले नव्हते. आराखड्याची बीजे कांटमध्ये आहेत आणि त्याला पक्के रूप दिले ते कांटनंतरच्या जर्मन इतिहासकारांनी. साहजिकच कांटपर्यंत येऊन सगळे सुटते अशी त्याची मांडणी झाली. लॉकच्या मानवी आकलनावरील निबंधाचा चौथा खंड वाचला तर तिथे आपले स्वतःचे अस्तित्व आपल्याला अंतःप्रज्ञेने आणि ईश्वराचे अस्तित्व सिद्धतेने कळते असे तो म्हणताना दिसतो, आणि नीतिशास्त्रही गणितासारखे सिद्ध करता येईल अशी आशा बाळगतो. तिकडे बुद्धिवादी म्हणवला जाणारा देकार्त प्राण्यांची विच्छेदने करत होता.

याहून बोलका पुरावा ह्यूमचा आहे. १७३७ मध्ये, म्हणजे 'ट्रीटाइज' हा त्याचा मुख्य ग्रंथ छापून येण्याच्या दोन वर्षे आधी, त्याने एका मित्राला आपले लेखन समजायला सोपे जावे म्हणून काय वाचावे ते कळवले. त्याने सांगितलेल्या वाचनात मालब्रांश या फ्रेंच पाद्रीचा सत्यशोधनावरचा ग्रंथ, बर्कलीचा मानवी ज्ञानाच्या तत्त्वांवरचा ग्रंथ, बेल या फ्रेंच लेखकाच्या कोशातील झीनो आणि स्पिनोझा यांच्यासारख्या अधिक तत्त्वमीमांसक नोंदी, आणि देकार्तची 'मेडिटेशन्स' आहेत. यांत दोन फ्रेंच 'बुद्धिवादी' आहेत आणि लॉक नाही. लॉक तेव्हा सर्वांच्या वाचनातला असल्यामुळे वेगळे सांगायची गरज वाटली नसेल, हे शक्य आहे, आणि म्हणून एका पत्रावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण लॉक, बर्कली, ह्यूम अशी सरळ रांग डोक्यात धरून जो 'ट्रीटाइज' उघडतो, त्याला ह्यूमच्या कार्यकारणविषयक युक्तिवादाचा निम्मा भाग दिसतच नाही. खऱ्या कारणाचा त्याच्या कार्याशी अनिवार्य संबंध मनाला दिसला पाहिजे, असे मालब्रांश म्हणतो. जगातल्या कोणत्याही दोन वस्तूंत असा संबंध दिसत नाही, तो केवळ ईश्वराची इच्छा आणि तिचे फलित यांत दिसतो, म्हणून खरे कारण एकटा ईश्वर, असा त्याचा निष्कर्ष आहे. ह्यूमने या युक्तिवादाचा पहिला भाग जवळजवळ जसाच्या तसा स्वीकारला आणि दुसरा नाकारला: ईश्वराच्या बाबतीतही असा संबंध आपल्याला दिसत नाही. दोघांचे ते उतारे शेजारी ठेवून वाचा. धर्मनिष्ठ पाद्री आणि संशयवादी ह्यूम एकाच वाटेने किती अंतर बरोबर चालले, आणि नेमके कुठे व का वेगळे झाले, हे त्यातून लख्ख दिसते.

त्याच काळात थॉमस रीड या स्कॉटिश तत्त्वज्ञाने देकार्त, मालब्रांश, लॉक, बर्कली आणि ह्यूम यांना एकाच माळेत ओवले होते. मनाला वस्तू थेट न कळता तिच्या कल्पनाच कळतात, हे गृहीतक या सर्वांना समान आहे आणि ह्यूमचा संशयवाद हा त्याचा अटळ शेवट आहे, असे रीडचे म्हणणे होते. एकाच शतकाचे असे दोन वेगळे नकाशे निघू शकतात. त्यांपैकी कोणताही पूर्णपणे खोटा नाही, पण प्रत्येक नकाशा कोणीतरी काहीतरी सिद्ध करण्यासाठी काढलेला आहे. म्हणून लघुप्रबंधाच्या शीर्षकात 'अनुभववाद' किंवा 'चिद्वाद' (वस्तुजग मनावर अवलंबून आहे हे मत) असा शब्द आला की मी प्रथम विचारतो: या शब्दाशिवाय तुमचा प्रश्न मांडता येतो का?

कांटच्या बाबतीत आवृत्त्यांचे भान फार महत्त्वाचे आहे. 'शुद्ध बुद्धीची मीमांसा' या त्याच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती १७८१ ची आणि दुसरी १७८७ ची. मधल्या काळात, १७८२ मध्ये, गटिंगेनच्या एका नियतकालिकात गार्वेने लिहिलेले आणि फेडरने काटछाट केलेले परीक्षण आले, त्यात कांटची भूमिका बर्कलीच्या चिद्वादाच्या जवळ नेऊन ठेवली होती. कांट संतापला. १७८३ च्या 'प्रोलेगोमेना'त त्याने या परीक्षणाला उत्तर दिले, आणि दुसऱ्या आवृत्तीत चिद्वादाचे खंडन करणारा एक नवा भाग घातला. शिवाय बुद्धीच्या मूलसंकल्पनांचे समर्थन करणारे प्रकरण मुळातून नव्याने लिहिले. आजच्या आवृत्त्यांत समासात पहिल्या आवृत्तीचे पृष्ठ 'ए' ने आणि दुसऱ्या आवृत्तीचे 'बी' ने दाखवलेले असते ते याचसाठी. 'कांट असे म्हणतो' असे लिहिताना तो १७८१ मध्ये म्हणतो की १७८७ मध्ये, हे सांगावे लागते, कारण त्याची मते बदलली की फक्त मांडणी बदलली हा अजूनही वादाचा विषय आहे.

लेखनाचे वर्ष आणि प्रकाशनाचे वर्ष यांतही गल्लत होऊ देऊ नये. लॉकच्या त्याच निबंधाला कलमवार उत्तर देणारा लायब्निझचा ग्रंथ १७०४ च्या सुमारास लिहून झाला होता, पण त्याच वर्षी लॉक वारला आणि लायब्निझने तो प्रसिद्ध केला नाही. तो छापला गेला १७६५ मध्ये. त्यामुळे बर्कली किंवा ह्यूम यांनी आपल्या मुख्य ग्रंथांत लायब्निझच्या त्या उत्तराची दखल का घेतली नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. कांटच्या पिढीला मात्र तो नवा ग्रंथ म्हणून मिळाला.

ग्रीक तत्त्वज्ञानाकडे वळल्यावर अडचणीचे स्वरूप बदलते. पार्मेनिडीझच्या काव्याचा जो भाग आज आपल्याकडे आहे, त्यातला मोठा वाटा सिंप्लिशियसने उतरवून ठेवला म्हणून वाचला, आणि सिंप्लिशियस इसवी सनाच्या सहाव्या शतकातला, म्हणजे पार्मेनिडीझनंतर सुमारे हजार वर्षांनी होऊन गेलेला, ॲरिस्टॉटलचा भाष्यकार होता. सॉक्रेटिसपूर्व विचारवंतांचे तुकडे वाचताना तो तुकडा कोणी, कोणत्या संदर्भात, काय सिद्ध करण्यासाठी उद्धृत केला हे प्रत्येक वेळी पाहावे लागते. ॲरिस्टॉटलच्या 'मेटाफिजिक्स'चा पहिला खंड हा तर आपल्या पूर्वसूरींचा इतिहासच आहे. पण तो सगळ्यांना आपल्या चार कारणांच्या (द्रव्य, आकार, गती देणारे आणि हेतू) चौकटीत बसवतो, आणि जुने विचारवंत त्या चार कारणांकडे चाचपडत येत होते असे दाखवतो. ॲरिस्टॉटलविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी: त्याने प्रसिद्धीसाठी लिहिलेले संवाद जवळजवळ सगळे हरवले आहेत आणि आपल्या हाती आहेत ती बहुतांशी अध्यापनाशी निगडित टिपणे. त्यातली त्रोटक, कधी विसंगत वाटणारी वाक्ये तशीच का आहेत हे त्यावरून कळते, आणि प्लेटोच्या संवादांतल्या पात्राच्या तोंडचे वाक्य हे प्लेटोचेच मत आहे असे धरून चालणे किती धोक्याचे आहे तेही त्या तुलनेतून उमगते.

संदर्भ देण्याची पद्धत पहिल्याच महिन्यात अंगवळणी पाडून घ्या. प्लेटोसाठी १५७८ च्या स्तेफानुस आवृत्तीचे पृष्ठ व अक्षर, ॲरिस्टॉटलसाठी १८३१ च्या बेकर आवृत्तीचे पृष्ठ, स्तंभ व ओळ, सॉक्रेटिसपूर्वांसाठी डील्स आणि क्रान्झ यांचे क्रमांक. कोणतेही भाषांतर वापरले तरी हे क्रमांक तेच राहतात, त्यामुळे तुमचा वाचक तुमचे म्हणणे तपासू शकतो.

मध्ययुगाचा भाग बहुतेक जण ओलांडून जातात. निदान इस्लामी जगातील इब्न सीना, अल्-गझाली, इब्न रुश्द आणि ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांचे काही निवडक उतारे वाचल्याशिवाय सतराव्या शतकात शिरू नये असे माझे ठाम मत आहे. आग आणि कापसाचे जळणे यांच्यातला संबंध अनिवार्य नाही, असे अल्-गझालीने अकराव्या शतकाच्या अखेरीस लिहिले आहे. ते वाचलेला विद्यार्थी मालब्रांश आणि ह्यूम अधिक सावधपणे वाचतो. देकार्त स्वतः जेझुइट या कॅथलिक संघाच्या शाळेत शिकला होता. ज्या परंपरेला तो झुगारत होता तिचीच परिभाषा त्याच्या ईश्वरसिद्धीत पावलोपावली आहे.

विवेचनात्मक ग्रंथांबाबत माझा नियम साधा आहे: मूळ उतारा दोनदा वाचून, त्यातली आधारविधाने व निष्कर्ष आपल्या शब्दांत कागदावर उतरवून, अडलेली जागा खुणेने दाखवल्यानंतरच भाष्य उघडावे. आधी भाष्य वाचले की मूळ संहितेत तेच दिसू लागते. भाष्यकारही एका प्रकारचे नसतात. पी. एफ. स्ट्रॉसनने १९६६ मध्ये कांटमधला जो युक्तिवाद आजही टिकेल तो वेगळा काढून उरलेला भाग बाजूला ठेवला. क्वेंटिन स्किनरने १९६९ मध्ये नेमक्या याच वृत्तीवर हल्ला चढवून, लेखकाला ज्या प्रश्नांची जाणीवच नव्हती त्यांची उत्तरे त्याच्या तोंडी घालू नका, असे बजावले. विद्यार्थ्याने यांपैकी एका पक्षाचे व्हावे असे मला वाटत नाही. संदर्भाशिवाय युक्तिवाद नीट कळत नाही, आणि युक्तिवाद खरा की खोटा हे विचारलेच नाही तर आपण तत्त्वज्ञान सोडून पुराणवस्तूंची नोंद ठेवत बसतो. मात्र क्रम पाळावा. लेखक काय म्हणत होता हे आधी ठरवावे, ते बरोबर आहे का हे नंतर.

भाषेचा प्रश्न थोडक्यात सांगतो. लघुप्रबंधासाठी चांगली भाषांतरे पुरतात, पण ज्या उताऱ्यावर तुमचा सगळा युक्तिवाद उभा आहे त्याची किमान दोन भाषांतरे ताडून पाहा. ती जिथे वेगळी पडतात तिथे मार्गदर्शकाला मूळ वाक्य विचारा. पुढे पीएच.डी. करायची असेल तर त्या तत्त्वज्ञाची भाषा आतापासून शिकायला घ्या.

आता विषय निवडण्याबद्दल. 'ह्यूमचे कार्यकारणविषयक विचार' हा विषय नाही, ते पुस्तकाच्या प्रकरणाचे नाव आहे. विषय संहितेतल्या अडचणीतून निघतो. 'ट्रीटाइज'च्या पहिल्या खंडाच्या तिसऱ्या भागातले चौदावे कलम पाहा. तिथे ह्यूम कारणाच्या दोन व्याख्या देतो. पहिलीत एका प्रकारच्या वस्तू नेहमी दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंच्या आधी व लगत आढळणे एवढेच आहे. दुसरीत त्या 'नेहमी'च्या जागी एकीच्या कल्पनेवरून मन दुसरीच्या कल्पनेकडे ओढले जाणे आहे. पण कोणीच न पाहिलेले नियमित साहचर्य जगात असू शकते, तिथे पहिली व्याख्या लागू पडेल आणि दुसरी पडणार नाही. उलट, दोनचार उदाहरणांवरून मन चुकीने ओढले जाईल तिथे दुसरी लागू पडेल आणि पहिली नाही. मग ह्यूमने दोन्हींना एकाच गोष्टीच्या व्याख्या का म्हटले? नंतरच्या 'एन्क्वायरी'च्या सातव्या विभागातही त्याने दोन व्याख्या कायम ठेवल्या, म्हणजे हे अनवधानाने झालेले नाही. यावर बरेच लिहिले गेले आहे, तरीही एखाद्या विद्यार्थ्याने दोन प्रमुख अर्थ समोर मांडून, संहितेच्या आधारे एकाची बाजू घेऊन, पन्नास-साठ पानांत सांभाळावे एवढा हा विषय नेमका आहे.

मार्गदर्शकाकडे पहिल्या भेटीला जाताना असेच एक पान घेऊन जा. त्यावर उतारा त्याच्या क्रमांकासह उतरवलेला असावा, त्यातली अडचण तीन-चार वाक्यांत असावी, ती सोडवण्याचे दोन मार्ग असावेत, आणि तुम्हाला त्यांपैकी कोणता पटतो व दुसऱ्याच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा कोणता हेही लिहिलेले असावे. ग्रंथसूची त्या भेटीत लागत नाही; ती त्या पानावरील प्रश्नानुसार मार्गदर्शकाच्या मदतीने पुढच्या आठवड्यात तयार होते.